कोपराखाली चार इंच

ओट्याची उंची मी कधी टेपने घेतली नाही. भिंतीशी सरळ उभं राहायचं, उजवा हात सैल सोडायचा, मनगटाचं हाड जिथे येतं तिथे पेन्सिलने खूण करायची, आणि पाण्याची नळी लावून तीच रेषा पुढे न्यायची. आमच्या उस्तादांनी, रामजी मिस्त्रींनी, मला हे शिकवलं. अठ्ठावीस वर्षं महाड-पोलादपुरात मी गवंडीकाम करतोय, तेवढी वर्षं सगळे ओटे असेच बांधले. नकाशात उंची लिहिलेली असली तरी मी मनगटच धरायचो. माझी उंची पाच फूट नऊ इंच. मनगट चौतीस इंचांवर येतं.

कधी कोणाची तक्रार आली नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. कामाचं बोलायला घरातला पुरुष येतो. बाई चहा आणते आणि आत जाते.

कापडे गावच्या बौद्धवाडीतलं आमचं घरही मीच बांधलं. लोकांची कामं सांभाळून बांधायचं म्हणून दोन वर्षं लागली. शर्मिला, माझी बायको, विटा भिजवायची, रेती चाळायची. ओटा सगळ्यात शेवटी केला. सहा फूट लांब अखंड काळा कडाप्पा महाडहून टेम्पोत उभा बांधून आणला. मी मागे त्याला धरून बसलो होतो. वाडीत तोवर उभ्याने रांधायचा ओटा दोनच घरांत होता.

शर्मिला बुटकी होती. लग्नात लोक हसले होते. तिच्या मामाने मला विचारलं होतं, "जावईबापू, हिच्याशी बोलायला शिडी लागंल का खड्डा?" शर्मिलाच म्हणाली, "खालचं मी बघीन, वरचं ते बघतील." तेव्हापासून वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की ती मला हाक मारायची आणि खाली पडलेली सुई मी तिला शोधायला लावायचो.

ओटा झाला त्या दिवशी मी तिला विचारलं, "कसा झालाय?"

ती कडाप्प्यावर हात फिरवत म्हणाली, "बेस झालाय."

त्याच महिन्यात महाडला एका घरी काम चालू होतं. ओटा पुरा झाल्यावर त्या घरातली बाई पहिल्यांदा बाहेर आली आणि म्हणाली, "मिस्त्री, ओटा जरा उंच झाला." मी म्हणालो, "ओटा बरोबर हाय वैनी, तुमी आखूड झालाव." तिचा नवरा हसला, आमचा गणू बिगारी हसला. ती आत गेली. घरी येऊन ही गोष्ट मी शर्मिलाला सांगितली. तीही हसली, पदर तोंडाला लावून. दीक्षा तेव्हा चार वर्षांची होती, काय ते न कळता तीही हसली.

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच जणांना सांगितली. दरवेळी लोक हसायचे.

दीक्षा आमची एकुलती एक. माझ्यावर गेली, उंच झाली. सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायची आणि नकाशा घेऊन बसायची. मी तिला शिकवलं, ही जाड रेष म्हणजे कापलेली भिंत, ही बारीक रेष म्हणजे लांब दिसणारी. दहावीत होती तेव्हा महाडच्या एका कामावर आर्किटेक्ट आले होते. जिना चुकला म्हणून सगळ्यांसमोर मला बोलले. जिना माझ्याकडूनच चुकला होता. दीक्षा तिथे विटांच्या ढिगावर बसली होती. घरी आल्यावर तिने शर्मिलाला विचारलं, "आई, तो माणूस बाबांपेक्षा लहान होता. तो काय शिकलाय?"

बारावीनंतर तिने प्रवेश परीक्षा दिली आणि मुंबईच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरला लागली. पाच वर्षांचं शिक्षण. मी म्हणालो होतो, इथंच डिप्लोमा कर, दोन तासांवर राहशील. शर्मिला म्हणाली, "तुमी बांधता, ती काढंल. जाऊ द्या तिला." शर्मिला सहसा मला अडवायची नाही. त्या दिवशी अडवलं, म्हणून मी गप्प बसलो.

दीक्षा सुट्टीत यायची तेव्हा तिच्या पाठीवर लांब प्लास्टिकची नळी असायची, त्यात कागद गुंडाळलेले. पुठ्ठ्याची घरं करून तिची बोटं कापलेली असायची. चौथ्या वर्षी सहा महिने एका ऑफिसात काम शिकायला गेली. मी विचारलं, काय काढतेस? म्हणाली, "संडास. वीस मजल्यांची इमारत आहे, मला फक्त संडास दिलेत." शर्मिला म्हणाली, "नीट काढ. लोकांना रोज लागतो." तिघंही हसलो होतो.

गेल्या वर्षी जुलैमध्ये शर्मिला वारली. लावणी चालू होती. पायाला कापलं होतं त्यावर तिने चिंधी बांधली आणि चिखलात उतरली. ताप आला तो तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. पोलादपूरला नेलं, तिथून महाडला. डॉक्टर म्हणाले लेप्टो आहे, मूत्रपिंडं गेलीत, मुंबईला हलवा. गाडी सांगितली होती. गाडी येईपर्यंत ती राहिली नाही. दीक्षा मुंबईहून निघाली होती. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने हॉस्पिटलला आली, तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर बसलो होतो. तिला काही सांगावं लागलं नाही.

जलदान विधी झाला. पाहुणे गेले. दीक्षा राहिली. मला वाटलं आठ दिवस राहील. पंधरा झाले, मग महिना होत आला. तिने फोन बंद करून कपाटात ठेवला होता. शेवटचं वर्ष होतं, कॉलेज सुरू झालेलं होतं. मी एकदा विचारलं, "तुझं कॉलेज?"

"बघू," ती म्हणाली. "तुम्हाला चहा तरी येतो का करता?"

मला येत नव्हता. लग्नाआधी आई होती, मग शर्मिला. पावसाळ्यात आमचं काम बंद असतं, मी दिवसभर घरी. दीक्षा सकाळी उठून भाकऱ्या करायची. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून तिच्या पाठीकडे बघायचो. ती ओट्याशी सरळ उभी असायची. हात जिथे पाहिजेत तिथे पडायचे. ओटा तिला बरोबर बसत होता. मला ते बघून बरं वाटायचं.

सुंदराकाकी, माझी चुलती, शेजारीच राहते. ती रोज येऊन सांगायची, "भिकाजी, पोरगी गुणाची हाय रे. घर राखलान तिनं. ह्या जवळपासच एखादा मुलगा बघ आता. मुंबईला जाऊन तरी काय, दुसऱ्यांची घरंच काढायची ना." मी हो म्हणायचो नाही आणि नाहीही म्हणायचो नाही.

मग एका मंगळवारी माझ्या फोनवर श्रुतिकाचा फोन आला. ही दीक्षाची मैत्रीण, हॉस्टेलला दोघी एका खोलीत. आधी थोडं रडली. मग म्हणाली, "काका, तिचा फोन लागत नाही. तिला सांगा, येत्या सोमवारी बारापर्यंत प्रबंधाचा विषय मंजूर करून घ्यायचाय. सरांनी तिच्यासाठी एकदा मुदत वाढवलीय, आता नाही वाढवणार. सोमवार गेला तर वर्ष जाईल. आणि काका, वर्ष गेलं की ती परत यायची नाही. मी ओळखते तिला. सांगाल ना?"

मी म्हणालो, "सांगतो."

दीक्षा मागच्या दारी भांडी घासत होती. मी दारापर्यंत गेलो. ती म्हणाली, "काय हवंय, बाबा?" मी म्हणालो, "काय नाय."

बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी तिने सुकटीची चटणी केली, शर्मिला करायची तशी. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. शुक्रवारी मनात असं धरून बसलो की मी तिला अडवलेलं नाही, तिचं तिने ठरवलंय. सोमवार आपोआप जाईल. मग घरात दोन माणसं राहतील. मी एवढाच विचार करत होतो. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

शनिवारी दीक्षा बाजाराला पोलादपूरला गेली. पावसाने मागच्या पडवीत पाणी येत होतं, म्हणून ताडपत्री काढायला मी माळ्यावर चढलो. ताडपत्रीच्या मागे दीक्षाच्या पहिल्या वर्षाची ती नळी होती. झाकण निघालेलं होतं. कागद भिजले असतील म्हणून खाली आणून उलगडले. कोरडे होते. झाडं होती, एक बाकडं होतं, आमच्या वाडीची विहीर होती. चौथा कागद मोठा होता आणि तो आमच्या स्वयंपाकघराचा होता.

अक्षरं इंग्रजी होती, पण नकाशा मला वाचता येतो. स्वयंपाकघर मधोमध कापून बाजूने दाखवलं होतं. भिंत, खिडकी, ओटा, वर गॅस. मी सवयीने आधी काम तपासलं. खिडकीचं माप बरोबर. ओटा आठशे पासष्ट मिलिमीटर, म्हणजे चौतीस इंच. बरोबर. ओट्याशी एक बाई उभी होती. चेहरा काढलेला नव्हता, नुसती बाहेरची रेष. अंबाडा, पदर खोचलेला, आणि डाव्या पायाचं बोट उजव्या घोट्यावर टेकवलेलं. शर्मिला तशी उभी राहायची. एका पायाने दुसरा पाय खाजवत. भिंतीवर तिचा फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला, नुसता चेहरा. पूर्ण उभी शर्मिला मी महिन्याभरात पहिल्यांदा बघत होतो.

तिच्या बाजूला मापं होती. उंची चौदाशे. खांदा अकराशे पन्नास. कोपर आठशे ऐंशी. आणि पायाखाली शंभरचा एक चौकोन. त्याला लाल पेनाने गोल केलेला होता आणि शेजारी दहापैकी नऊ मार्क होते. मला वाटलं पायरी आहे. मग म्हटलं आमच्या स्वयंपाकघरात पायरी नाही, पोरीने चूक केली आणि सरांनी गोल करून दाखवली. पण चूक असती तर नऊ मार्क कसे?

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली सिलिंडरच्या मागे लाकडी पाट होता. तो मी कायम तिथेच बघितलेला. भाजी चिरायला बसायचा पाट आहे असं मी समजत होतो. ओढून बाहेर काढला, टेप लावली. चार इंच. वरून दोन ठिकाणी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. टाचांच्या जागी.

मग मी ओट्याशेजारी भिंतीवर पेन्सिलने तिची मापं उतरवली. जमिनीपासून चौदाशेवर एक खूण, तिचं डोकं. अकराशे पन्नासवर तिचा खांदा. आठशे ऐंशीवर कोपर. कोपराची खूण आणि कडाप्पा यांच्यामध्ये अर्धा इंच होता. त्या कडाप्प्यावर गॅस पाच इंचांचा. गॅसवर मी आमटीचं पातेलं ठेवून बघितलं. पातेल्याचा काठ तिच्या खांद्याच्या खुणेला आला.

गॅस उचलून मी बाहेरच्या खोलीत नेला, भांडी काढली आणि पहार आणली.

कडाप्पा अखंड उचलायला दोन माणसं लागतात हे मला माहीत आहे. गणूला बोलावायचं होतं, तो वरच्या वाडीत राहतो. मी थांबलो नाही. एका बाजूने पहार घालून उचकटला आणि तो मधोमध तडकला. मग मी खालच्या विटा फोडायला लागलो.

आवाज ऐकून सुंदराकाकी आली. दारात उभी राहून तिने सगळं बघितलं. "भिक्या, येडा झालास काय रे? बायको गेली म्हणून ओटा फोडतोस? आता खाशील काय, विटा?"

मी पुढची वीट फोडली.

"पोरगी येऊ दे, मग बघते," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

दीक्षा आली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तिने धूळ बघितली, मला बघितलं, मग खाटेवर उलगडलेला कागद बघितला. पिशव्या खाली ठेवल्या. काकीला म्हणाली, "आज्जी, तू घरी जा. आज तुझ्याकडे जेवायला येतो आम्ही."

काकी गेल्यावर तिने विचारलं, "कुठे होता हा?"

"माळ्यावर. मला का नाय सांगितलंस?"

"आईने सांगू नको म्हटलं होतं. मी कॉलेजात दाखवलं आणि घरी आणून तिच्याकडे दिलं. तिनेच वर ठेवलं असणार."

"मी तिला कधी पाटावर उभी बघितली नाय."

"कशी बघाल? तुमची गाडी वाजली की ती पायाने पाट आत सरकवायची. मी मोजायला लागले तेव्हा मला कळलं. तुम्ही घरी असलात की ती पाटाशिवाय रांधायची, हात असे वर धरून." तिने खांदे वर उचलून दाखवले. "पावसाळ्यात तुम्ही चार महिने घरीच. चार महिने तिचा खांदा दुखायचा."

खांदा दुखायचा ते मला माहीत होतं. मीच बाम लावून द्यायचो. दर पावसाळ्यात. मी म्हणायचो, लावणीला फार वाकतेस तू. ती म्हणायची, होय.

"पण का?" मी म्हणालो. "मी खाली घेतला असता. एक विटेचा थर. एका दिवसाचं काम होतं."

दीक्षाने खाटेवरचा कागद गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "ती महाडची बाई, बाबा. आखूड झालेली. आईने मला ती गोष्ट सांगितली होती. हसून सांगितली. म्हणाली, आता मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी विटांवर बसलो. तिने पाणी आणून दिलं. ते प्यायलो आणि म्हणालो, "श्रुतिकाचा फोन आला होता."

"कधी?"

"मंगळवारी. सोमवारी बारापर्यंत विषय मंजूर करायचाय. नायतर वर्ष जाईल."

"आज शनिवार आहे."

"होय."

"तुम्ही विसरलात?"

"नाय."

तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीवरचा कडाप्प्याचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा. "तुम्हाला मी इथे हवी होते."

"होय."

"मग तसं म्हणायचं होतं. मी राहिले असते."

मला ते माहीत होतं. म्हणूनच विचारलं नव्हतं.

"या घरात कोणी कोणाला काही सांगतच नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आई खांद्याचं सांगणार नाही. तापाचं सांगणार नाही. तुम्ही फोनचं सांगणार नाही. आणि मी पण, आई मला 'बाबांना सांग' म्हणाली असती तरी मी सांगितलं असतं की नाही कोण जाणे. मला तो कागद चांगला झाला याचाच आनंद होता. नऊ मार्क मिळाले होते."

मग ती रडली. विधीच्या दिवशी रडली नव्हती. मी जवळ गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

काकीकडे जेवून आलो. पाऊस थांबला होता, पडवीत अजून उजेड होता. दीक्षा म्हणाली, "भात येतो का करता?"

"नाय."

तिने गॅस जमिनीवर मांडला, पातेल्यात तांदूळ घेतले. "धुवायचे. पाणी घालायचं. आता बोट बुडवा. तांदळाच्या वर एक पेर पाणी पाहिजे."

मी विचारलं, "माझं पेर की तुझं?"

ती हसली. महिन्यात पहिल्यांदा. "भाताला चालतं," ती म्हणाली. "ओट्याला नाही चालत."

"ओट्याला काय घ्यायचं?"

"जी रांधणार तिचं कोपर. कोपराखाली चार ते पाच इंच."

हे एका वाक्याचं शिक्षण होतं. मला ते अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही, आणि एका बाईने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने आम्ही महाडला गेलो, तिथून रिक्षाने वीरला.  प्लॅटफॉर्मवर ती बाकड्यावर आमच्या दोघांमध्ये बॅग ठेवून बसली. मी म्हणालो, "विषय काय घेशील?"

"कशेडी घाटातल्या एका वाडीवर डोंगरावरून दरड येते. ती वाडी हलवायची म्हणतात. तिथल्या लोकांसाठी घरं." थांबून म्हणाली, "आईला सांगितला होता. जूनमध्ये."

गाडी येताना दिसली तेव्हा मी विचारलं, "तो कागद मी ठेवू?"

"ठेवा."

ती गाडीत चढली, खिडकीशी आली. मला वाटलं काही बोलेल. गाडी हलल्यावर म्हणाली, "चार दिवस, बाबा." तेवढंच. मंगळवार ते शनिवार, ते चार दिवस. मी हो म्हणालो, पण ते तिला ऐकू गेलं नसेल.

सोमवारी दुपारी श्रुतिकाचा फोन आला. विषय मंजूर झाला होता. दीक्षाचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी आला. जेवलात का, एवढं विचारलं.

ओटा मी गणूला घेऊन पुन्हा बांधला. गणू म्हणाला, "मिस्त्री, उंची?" आणि सवयीने माझ्या हाताकडे बघितलं. मी कागद आणला. माप घ्यायला बाई नव्हती, कागद होता. कोपर आठशे ऐंशी, वजा चार-पाच इंच. सातशे साठ धरले. मिलिमीटरचे इंच केले, तीस. बरोबर एक थर कमी. तडकलेला कडाप्पा पांढरं सिमेंट भरून जोडला. तो सांधा दिसतो. दुसऱ्याच्या घरी असं काम मी केलं नसतं.

ओटा खाली आला, पण भिंतीवरच्या टाइल्स जुन्या ओट्याला धरून लावलेल्या होत्या. त्यामुळे टाइल्स आणि कडाप्पा यांच्यामध्ये चार इंचांची उघडी पट्टी राहिली, नुसता गिलावा. गणू म्हणाला, "पट्टी लावून घेऊ, घाण दिसते." मी म्हणालो राहू दे.

"पण रांधणार कोण इथं?" तो म्हणाला. "तुमीच ना? तुमच्या पाठीचं काय होईल?"

तो म्हणाला ते खरं होतं. मला वाकावं लागतं. भात, आमटी, अंडी, एवढं आता येतं. भाकरी येत नाही. पाट मी जेवताना बसायला घेतो.

आता काम घेतलं की आधी सांगतो, घरातल्या बाईला बोलवा, हात दुमडून उभं राहायला सांगा. महाडला एकाने मला विचारलं, "मिस्त्री, ओटा बांधताय की ब्लाऊज शिवताय?" सगळे हसले. मी टेप धरून उभा राहिलो. मग बाई बाहेर आली.

दीक्षा यंदा मे महिन्यात पास झाली. परीक्षकांनी तिला विचारलं, तुझ्या घरांतले ओटे वेगवेगळ्या उंचीचे का? तिने सांगितलं, बायका वेगवेगळ्या उंचीच्या आहेत. आता ती मुंबईत एका ऑफिसात लागलीय. या वेळी जिने दिलेत म्हणाली. दर रविवारी फोन करते. मी विचारतो तेवढं सांगते. मीही विचारलं नाही तरी सांगतो, खोकला झाला, पाय मुरगळला, दोन दिवस घरात गोड वाटत नाही. ती ऐकते. पूर्वीसारखं हसून बोलत नाही अजून. बोलेल.

डिसेंबरातलं एक सांगायचं राहिलं. त्या कशेडीच्या वाडीतल्या बायकांची मापं घ्यायला ती दोन दिवस आली होती. टेपचं दुसरं टोक धरायला मी बरोबर गेलो. चंद्रभागा म्हणून एक म्हातारी होती, पाठीतून वाकलेली. ती म्हणाली, "माझं कशाला घेतेस गो, मी काय नव्या घरात जायची हाय? सुनेचं घे." दीक्षाने तरी घेतलं आणि वहीत लिहिलं. मी टेपचं टोक म्हातारीच्या पायाशी धरून बसलो होतो. पायाखाली काही नाही ना, ते आधी बघितलं होतं.

संध्याकाळी घरी आलो. ऑगस्टनंतर ती पहिल्यांदाच स्वयंपाकघरात जात होती. मी दारात थांबलो. तिने ओटा बघितला, सांधा बघितला, वरची उघडी पट्टी बघितली. भिंतीवर पेन्सिलच्या तीन खुणा अजून होत्या, त्या बघितल्या. मग खिशातली टेप काढून जमिनीपासून लावली.

"सातशे साठ," ती म्हणाली.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

तिने टेप गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हात कडाप्प्यावर टेकले. तिची उंची माझ्यासारखी. टेकायला तिला वाकावं लागलं. ती तशीच, वाकून, खूप वेळ उभी राहिली, आणि मी दारात.